हिमालय जिथे वळतो, तिथले दगड वाचणारे दाराशा वाडिया

8 ऑक्टोबर 2005. शनिवारची सकाळ. रमजान नुकताच सुरू झाला होता आणि पाकिस्तानात शाळा भरल्या होत्या. 8 वाजून 50 मिनिटांनी मुझफ्फराबादच्या आसपासची जमीन हादरली. 7.6 तीव्रतेचा भूकंप. बालाकोट, मुझफ्फराबाद, बाग ही गावं एका रेषेत उद्ध्वस्त झाली. शाळांच्या इमारती मुलांसकट कोसळल्या. 70 हजारांहून जास्त माणसं गेली. नियंत्रण रेषेच्या अलीकडे उरी आणि तंगधारमध्येही घरं पडली, माणसं दगावली.

बालाकोट हे नाव आपल्याकडे 2019 नंतर वेगळ्या कारणाने घराघरात पोहोचलं. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत हा परिसर त्याच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहे. कारण हिमालयाची रांग इथेच एक जबरदस्त वळण घेते. अगदी घाटातल्या हेअरपिन बेंडसारखं. या वळणात कोणता थर कुठून येतो, कुठे मुडपतो आणि कुठे तुटून दुसऱ्यावर चढतो, याची सविस्तर मांडणी 1931 साली एका पारशी शास्त्रज्ञाने केली. त्यांचं नाव दाराशा नोशेरवान वाडिया.

त्यांनी भूकंपाचं भाकीत वगैरे केलं नव्हतं. ते आजही कुणाला जमत नाही. पण इथले खडक कशामुळे आणि कसे ताणले-दाबले गेलेत, याचं चित्र त्यांनी कागदावर उतरवलं.

वाडियांचा जन्म ऑक्टोबर 1883 चा, सुरतचा. आडनाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे. सुरतेहून मुंबईत येऊन ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधणाऱ्या वाडियांशी हे घराणं आपलं नातं सांगायचं. पण दाराशांच्या वाट्याला ती श्रीमंती आली नाही. वडील रेल्वेत होते, एका छोट्या स्टेशनचे मास्तर. घरात नऊ मुलं, दाराशा चौथे. सुरुवातीचं शिक्षण सुरतेत झालं आणि पुढे कुटुंब बडोद्याला आलं.

बडोदा कॉलेजात त्यांनी आधी वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवली, 1903 साली. मग भूगर्भशास्त्र. त्या काळात भारतात हा विषय शिकवणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी होती. बडोद्यात अदरजी मसानी नावाचे प्राध्यापक निसर्गविज्ञान शिकवायचे, त्यांच्यामुळे दाराशांना दगडांची गोडी लागली. कॉलेजच्या संग्रहात जे नमुने होते ते हाताळायचे, पुस्तकं वाचायची, बाकीचं स्वतःचं स्वतः शिकायचं. 1906 मध्ये एमए झाले. विलायतेला मात्र गेले नाहीत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

1907 साली त्यांना जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात नोकरी लागली. वय 23. काम भूगर्भशास्त्र शिकवण्याचं. गरज पडली की इंग्रजीचे तासही घ्यायचे.

बडोद्याहून जम्मू म्हणजे सपाटीवरून थेट डोंगराच्या पायरीवर. शहराच्या मागे शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात, त्यांच्या मागे पीर पंजाल आणि त्याच्या मागे काश्मीरचं खोरं. भूगर्भशास्त्राच्या मास्तराला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? पुढची 13 वर्षं सुट्टी लागली की वाडिया डोंगरात. शिवालिकच्या थरांत लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडं सापडतात. तिथून त्यांनी स्टेगोडॉन या हत्तीच्या प्राचीन नातेवाइकाची कवटी मिळवली. तिचा सुळा 10 फुटांच्या आसपास होता.

याच जम्मूत बसून त्यांनी भारताच्या भूगर्भशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं. 1919 साली ते मॅकमिलनने लंडनहून छापलं. त्याआधी या विषयावरची माहिती सरकारी अहवालांच्या जाडजूड खंडांत विखुरलेली होती आणि विद्यार्थ्याला ती झेपणं अवघड होतं. वाडिया तेव्हा सरकारी सर्वेक्षण खात्यातही नव्हते. एका संस्थानी कॉलेजातल्या मास्तराने देशाच्या जमिनीचं पुस्तक लिहिलं आणि पुढे त्यांच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. भारतातल्या भूगर्भशास्त्राच्या कितीतरी पिढ्या त्यावरच शिकल्या.

या पुस्तकात भारताचे सरळ तीन भाग पाडलेत. दक्षिणेचं द्वीपकल्प, उत्तरेचे डोंगर आणि मधलं गंगा-सिंधूचं मैदान. पुढचा सगळा मामला समजायला पहिल्या दोन भागांतला फरक लक्षात घ्यायला हवा.

माळशेज किंवा वरंध घाटातून जाताना समोरचा कडा नीट बघा. काळ्या दगडाचे आडवे थर एकावर एक, बांधकामासारखे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. तेव्हापासून पाण्याने हे थर कापले, पण आडव्याने कुणी दाबले नाहीत. म्हणून ते बहुतेक ठिकाणी अजून आडवेच आहेत. सगळ्यात खालचा थर जुना, वरचा नवा. हिशोब सोपा.

हिमालयात हा हिशोब कोलमडतो. तिथले खडक बहुतेक करून समुद्राच्या तळाशी गाळ साचून तयार झाले. तेही सुरुवातीला आडवेच होते. मग दोन्ही बाजूंनी दाब आला. दाब हळू आणि खूप काळ असेल तर दगडसुद्धा वाकतो. सतरंजी ढकलली की तिला जशा वळ्या पडतात तशा खडकांना घड्या पडतात. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला वली पर्वत म्हणतो ते हेच. पण वाकण्यालाही मर्यादा असते. दाब वाढत गेला की घडी एका बाजूला कलंडते, थर उलटे होतात आणि शेवटी तुटतात. तुटलेल्या जागेला भ्रंश म्हणतात. तडा तिरका असेल तर वरचा तुकडा त्या उतारावरून पुढे सरकत जातो आणि पलीकडच्या खडकांवर जाऊन बसतो. भूगर्भशास्त्रज्ञ याला थ्रस्ट म्हणतात. नावावर जाऊ नका, परिणाम बघा. कोट्यवधी वर्षं जुना खडक वर आणि नवा खडक त्याच्या खाली. डोंगर चढताना तुम्ही वर वर जाता आणि दगड मात्र जुने जुने होत जातात.

हे कोडं सोडवायचं कसं? 100 वर्षांपूर्वी उपग्रह नव्हते, भूकंपलेखी यंत्रांचं जाळं नव्हतं. होता एक हातोडा, एक होकायंत्र, उताराचा कोन मोजायचं साधन आणि पाय. थर उघडा दिसला की तो कुठल्या दिशेला लांबत जातो ते बघायचं, किती कोनात जमिनीत शिरतो ते मोजायचं, जीवाश्म मिळाला तर घ्यायचा आणि नकाशावर खूण करायची. मग पुढची दरी. तोच थर पलीकडे सापडतो का? सापडला तर त्याच्या वरखाली तेच शेजारी आहेत का? कपाटातली पुस्तकं खाली पडून मिसळली तरी खंडांचे क्रमांक बघून ती लावता येतात, तसंच हे काम. फक्त इथे एकेक खंड काही मैलांचा आणि त्याचा बराचसा भाग बर्फाखाली किंवा जंगलाखाली गेलेला.

1921 मध्ये वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. वय 38. ज्या वयात माणसं बढत्या मोजतात त्या वयात यांची सरकारी नोकरी सुरू झाली. या खात्यातल्या वरच्या जागा प्रामुख्याने ब्रिटिश विद्यापीठांतून शिकून आलेल्यांना मिळायच्या. परदेशी पदवी नसलेला, जम्मूत मास्तरकी केलेला भारतीय तिथे जाणं ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात त्यांना जे काम दिलं गेलं त्यासाठी त्यांच्याइतका तयार माणूस शोधूनही सापडला नसता. काम होतं पूंछ, काश्मीर, हजारा आणि वर थेट नंगा पर्वतापर्यंतच्या डोंगरांचं.

पूंछचा अहवाल 1928 साली आला. त्याच्या थोडं आधी, रजा घेऊन ते युरोपात गेले होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जीवाश्मांवर काम केलं आणि जिनिव्हात आल्प्सच्या भूगर्भशास्त्राचे धडे घेतले. आल्प्समध्ये मैलोन् मैल सरकून दुसऱ्यांवर जाऊन बसलेल्या थरांचा अभ्यास तेव्हा जोरात होता. चाळिशी ओलांडलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन वर्गात बसला आणि ते डोळे घेऊन परत काश्मीरला आला.

आता मूळ कोडं. हिमालयाची रांग आसामपासून काश्मीरपर्यंत एका मोठ्या कमानीसारखी येते. काश्मीरमध्ये तिची दिशा वायव्येकडे असते. आणि मग नंगा पर्वताच्या भागात ती अचानक वळते, दक्षिणेकडे आणि पुढे नैर्ऋत्येकडे. नकाशावर झेलम नदी बघितली तरी अंदाज येतो. काश्मीरमधून वायव्येकडे निघालेली ही नदी मुझफ्फराबादपाशी गर्रकन दक्षिणेला फिरते.

असं का? एडवर्ड स्यूस हे त्या काळातलं या विषयातलं सगळ्यात मोठं नाव. ऑस्ट्रियाचे. डोंगररांगा जिथे एकमेकींना येऊन भिडतात त्या जागेला त्यांनी सिंटॅक्सिस असं नाव दिलं होतं. त्यांच्या दृष्टीने इथे दोन वेगवेगळ्या पर्वतरांगा एकत्र येत होत्या. एक हिमालयाची, दुसरी हिंदुकुशच्या बाजूची. कागदावर ते पटण्यासारखं होतं.

वाडियांनी कागदाऐवजी दगड विचारात घेतले. पीर पंजालच्या बाजूला थरांचा एक ठरावीक क्रम होता. सगळ्यात बाहेर, मैदानाकडच्या अंगाला, मरी मालिकेचे लाल-जांभळे वालुकाश्म आणि चिखलाचे खडक. हे त्या मानाने तरुण, नद्यांनी आणलेल्या गाळाचे. मरी म्हणजे रावळपिंडीजवळचं थंड हवेचं ठिकाण, नाव तिथून आलं. त्याच्या आत चुनखडकाचा पट्टा, ज्यात नाण्यांच्या आकाराचे सागरी जीवाश्म सापडतात. सोबत पंजाल ट्रॅप, म्हणजे सुमारे 29 कोटी वर्षं जुना लाव्हा. आणि त्याच्याही आत, वरून येऊन बसलेले फार प्राचीन खडक, त्यात पाटीचा दगडही आला.

या पट्ट्यांच्या मध्ये दोन मोठे तडे होते. बाहेरच्या तड्यावरून चुनखडक आणि त्याचे सोबती मरीच्या लाल खडकांवर चढले होते. आतल्या तड्यावरून प्राचीन खडक या सगळ्यांवर चढले होते. पहिल्याला मरी थ्रस्ट म्हणतात, दुसऱ्याला पंजाल थ्रस्ट.

वाडियांनी हे पट्टे एकेक करून वळणापर्यंत आणले आणि वळणातून पलीकडे नेले. हजाराच्या बाजूला काय दिसलं? तेच पट्टे, त्याच क्रमाने. बाहेर लाल, मग चुनखडक, मग प्राचीन. दोन्ही तडेसुद्धा तुटक न होता वळणाला वळसा घालून पलीकडे उतरत होते. फक्त आरशात दिसावं तशी दिशा उलटी. पीर पंजालमध्ये खडक नैर्ऋत्येकडे ढकलले गेले होते, पलीकडे ते आग्नेयेच्या अंगाने.

म्हणजे दोन रांगा नव्हत्याच. एकच रांग मुडपली होती.

मग मुडपली कशामुळे? वाडियांचं उत्तर होतं की द्वीपकल्पाच्या जुन्या, कडक खडकाची एक जीभ पंजाबच्या गाळाखालून उत्तरेला घुसलेली आहे. पंजाबच्या सपाटीत सरगोध्याजवळ किराणा टेकड्या एकाएकी उगवतात. त्यांचे खडक हिमालयाचे नाहीत, द्वीपकल्पाच्या जातीचे आहेत. म्हणजे तो जुना पाया खालून इथपर्यंत येतोच. पुन्हा सतरंजी आणा. पलीकडून आपल्याकडे ढकला, पण मध्ये एक जड पाटा पुढे सारून ठेवा. वळ्या पाट्याला अडतात आणि दोन्ही बाजूंनी त्याला वेढा घालून पुढे येतात. हिमालयाच्या त्या टोकाला तेच झालं असं वाडिया म्हणत होते.

1931 साली सर्वेक्षण खात्याच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला आणि वाडियांचं नाव जगभर गेलं. पुढे 1936 मध्ये त्यांनी हिमालयाच्या दुसऱ्या, म्हणजे आसामकडच्या टोकालाही असंच वळण असल्याची मांडणी केली. नामचा बरवा शिखराला वळसा घालून ब्रह्मपुत्रा जिथे भारताकडे फिरते तो हा भाग. दोन टोकांना दोन वळणं, दोन्ही ठिकाणी एकेक उंच शिखर आणि त्याला वळसा घालणारी एक मोठी नदी. पश्चिमेला नंगा पर्वत आणि सिंधू.

यातलं एक मात्र विसरता कामा नये. 1931 मध्ये भूखंडं सरकतात ही कल्पना बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. वेगेनरने ती 1912 मध्येच मांडली होती, पण प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत उभा राहायला 1960 चं दशक उजाडावं लागलं. भारताचा भूभाग उत्तरेला सरकत येऊन आशियाला धडकला आणि अजून ढकलतोच आहे, हे आज शाळेतलं पोरगंही सांगतं. वाडियांच्या हाताशी ते स्पष्टीकरण नव्हतं. त्या जिभेच्या आकाराबद्दल आणि भूमिकेबद्दलही नंतर वेगळी मतं आली. ज्याला वाडिया एकच वळण समजत होते तिथे आज नंगा पर्वत आणि हजारा-काश्मीर अशी दोन वळणं मानतात. पण थर कुठे आहेत, कसे मुडपलेत, तडे कुठून कुठे जातात, हे त्यांनी पायी फिरून नोंदवलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी वाद घातले ते याच नकाशाला धरून.

1938 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, ते नियमाप्रमाणे निवृत्त झाले. त्याच साली सिलोन सरकारने, म्हणजे आजच्या श्रीलंकेने, त्यांना खनिजतज्ज्ञ म्हणून बोलावून घेतलं. 1944 पर्यंत ते तिथे होते. हिमालयाच्या घड्यांमध्ये आयुष्य घातलेल्या माणसाने तिथल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पठारांचा अभ्यास केला, एका वर एक अशा तीन पातळ्या कशा तयार झाल्या त्यावर लिहिलं.

मधल्या काळातला एक प्रसंग सांगायलाच हवा. 1943 च्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरूंची निवड झाली होती. पण छोडो भारत आंदोलनामुळे नेहरू तुरुंगात. अधिवेशन कलकत्त्याला भरलं आणि अध्यक्षस्थानी बसले आदल्या वर्षीचे अध्यक्ष वाडिया.

सिलोनहून आल्यावर सरकारने त्यांना सल्लागार केलं. स्वातंत्र्य तोंडावर होतं. देशात कोणतं खनिज कुठे आहे, किती आहे, ते कुणी आणि कसं काढायचं याचं धोरण ठरवायचं होतं. 1948 मध्ये इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची सुरुवात झाली तेव्हा वाडिया तिचे पहिले प्रमुख होते. आज याच संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. लगेच 1949 मध्ये अणुऊर्जेसाठी लागणारी खनिजं शोधणाऱ्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा ते 65 वर्षांचे होते. जादुगुडा इथलं युरेनियम याच शोधमोहिमेच्या सुरुवातीच्या वर्षांत सापडलं. देशातली पहिली युरेनियमची खाण पुढे तिथेच सुरू झाली.

मानसन्मान उशिरा आले, पण रांगेने आले. 1957 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो, 1958 मध्ये पद्मभूषण, 1963 मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक. 1964 च्या डिसेंबरात जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस दिल्लीत भरली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती आणि तिचे अध्यक्ष होते 81 वर्षांचे वाडिया.

तोवर त्यांच्या मूळ प्रदेशाची फाळणी होऊन गेली होती. ज्या वळणाचा त्यांनी नकाशा केला त्याच्या मधोमध आता युद्धबंदी रेषा होती. पीर पंजालची बाजू इकडे, हजारा आणि नंगा पर्वत तिकडे. एकाच माणसाने सलग दोन्ही बाजू पायी फिरून तपासाव्यात, ही सोय त्यांच्यानंतर कुणाला उरली नाही.

हिमालयाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था हवी हा धोशा त्यांनी म्हातारपणी लावला. 1968 मध्ये ती सुरू झाली, दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागातल्या काही खोल्यांत. ज्या विषयात त्यांनी 1903 साली पहिली पदवी घेतली होती, त्याच विभागाने त्यांच्या डोंगराला जागा दिली. वर्षभराने, 15 जून 1969 रोजी वाडिया गेले. संस्था 1976 मध्ये देहरादूनला हलली. तिला आता वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थान म्हणतात. हिमालयात भूकंप झाला, कडा कोसळला किंवा हिमनदी फुटली की बातम्यांमध्ये ज्या शास्त्रज्ञांची नावं येतात, त्यातले बरेच जण इथलेच असतात.